पिठावरचा बल्ब

विजेची बचत शिकवायच्या नादात मी एका बाईचा बल्ब बंद केला.

कळमनुरीजवळच्या एका गावात परदेशी मदतीतून विजेची नवी लाईन आली होती. ती पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्यांचा मी दुभाषा होतो. दुभाष्यानं आपलं शहाणपण मध्ये घालू नये, हे मला आजवर जमलेलं नाही. एका दारावर नवं मीटर दिसलं, म्हणून मीच सगळ्यांना आत घुसवलं.

भरदुपारी ओसरीत, जमिनीपासून वीतभर उंच, एक बल्ब जळत होता. खाली ताटात पीठ पसरलेलं. शेजारी बसलेली बाई वाऱ्याची झुळूक आली की बल्बाला तळहाताचा आडोसा करायची, वात जपावी तसा. मला हसू आलं. "मावशी, उन्हात कशाला जाळता?" म्हणत मी ऐटीत बटण दाबलं.

ती ओरडली नाही. पिठावर काही उमटलंय का, ते तिनं वाकून पाहिलं.

"धनी गेले परवा," ती म्हणाली. "जिंदगीभर लाईटीची वाट पाहून राहिले होते. मीटर बसलं अन् आठवड्यात गेले. म्हून तेलाचा न्हाई, लाईटीचा दिवा ठिवला. दहा दिस इझू द्यायचा नसतो."

मी घाईघाईनं बटण पुन्हा दाबलं. बल्ब लागला, पण आता तिनं हात आडवा धरला नाही.

"काय म्हणतायत त्या?" पाहुण्यांतल्या एकीनं मला विचारलं. मी मीटरकडं पाहू लागलो.

बाईनं ओळखलं. म्हणाली, "सांगा की त्यायला. तुमी येवढ्या दुरून येऊन लावला, अन् आमच्याच माणसानं इझवला."