यमाजीच्या अंगणातली मांडी

नवरा दादाभाऊ गेला तेव्हा हिरा तेराव्यानंतर चार दिवस मढला माहेरी गेली. परत आली तर मेंढरांचं वाडगं रिकामं. धाकट्या दिरानं, यमाजीनं, दोघा भावांची सगळी मेंढरं व्यापाऱ्याला विकून टाकली होती.

"बाईमाणसाला मेंढरं झेपत्यात व्हय?" एवढंच तो म्हणाला.

लग्नापासून हिरा त्याच मेंढरांमागं कोकणापर्यंत चालली होती. त्या दिवशी ती अंगणात उभी राहून यमाजीला वाट्टेल ते बोलली, आणि मग बोलणंच तोडलं. घरं समोरासमोर, पाण्याची वाट त्याच्या अंगणातून; पण ती हंडा घेऊन मान खाली घालून जायची.

यंदा यमाजीच्या मुलीची, समृद्धीची, सोयरीक जुळली. ओतूरची नवऱ्याकडची माणसं पहिल्यांदाच जेवायला येणार होती. बकऱ्याची अख्खी मांडी निखाऱ्यावर भाजायची ही दादाभाऊची रीत, आणि ती आता हिरालाच येत होती. यमाजी दारात आला.

"वैनी, तेवढी मांडी भाजून द्या. पावण्यांपुढं लाज राखा."

"मेंढरं इकताना वैनी आठवली न्हाई?"

तो दारातून हलला नाही. हिरा म्हणाली, "भाजते. पण पावण्यांसमोर सांगायचं, निम्मी मेंढरं माज्या मालकाची व्हती, मला न इचारता इकली."

"सांगतो की," यमाजी घाईनं म्हणाला.

संध्याकाळी तिनं मांडीला हाडापर्यंत चिरा दिल्या. आलं, लसूण, हिरवी मिरची पाट्यावर वाटली. त्यात दही, मीठ, हळद, कच्च्या पपईचा कीस घालून चिरांमध्ये बोटांनी भरलं. चोळताना रागानं तिचे हात जड पडत होते. रात्रभर मांडी मुरली.

सकाळी यमाजीच्या अंगणात विटा मांडून तिनं बाभळीचे निखारे केले. मांडी सळईला बांधून ती फिरवत बसली. चरबी ठिबकून चर्र वाजे, धूर डोळ्यांत जाई. ओसरीवरून यमाजीची बायको निर्मला ओरडली, "आवरा की, पावणं आलं!" हिरानं वर पाहिलं नाही.

मांडी तांबूस खरपूस झाली. तिनं ती परातीत काढली. ओतूरचे व्याही वास घेऊन खुश झाले.

"लई झ्याक, यमाजीराव! कुठं शिकलात?"

हिरा परात घेऊन उंबऱ्याशी थांबली. यमाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग व्याह्यांकडं.

"आमच्या घरची रीत हाय, पावणं. ही आमची वैनी. आमीच सांभाळतो तिला."

हिराच्या डोक्यात सणक गेली.

"मला कोण सांभाळतंय?" ती म्हणाली. "ह्यानं माजी मेंढरं इकली. त्या पैशानं ह्याचं पोट भरलं, आता माज्या हातच्या मांडीनं भरायचं न्हाई."

परात तशीच उचलून ती वळली. निर्मला आडवी आली. हिरानं तिला कोपरानं बाजूला सारलं. मागं भाकरी घेऊन बसलेली माणसं बघत राहिली. समृद्धी रडत होती. तिच्याकडं पाहून हिराचं पाऊल क्षणभर अडलं, पण ती थांबली नाही.

ओढ्यापलीकडं वाटेनं निघालेल्या मेंढपाळांचा मुक्काम होता. तिनं मांडी त्यांच्यापुढं ठेवली, स्वतःही एक तुकडा खाल्ला. मीठ बरोबर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी यमाजीनं पाण्याच्या वाटेवर काटेरी तार ठोकली. हिरा आता हंडा घेऊन ओढ्याकडून लांबचा वळसा घालते. तारेजवळून जाताना ती थुंकते, आणि यमाजी ओसरीवरून बघत असला तर मुद्दाम दोनदा.