एक पाटा जास्तीचा: जालन्याहून माहेरी, मूर्ती घेऊन

गाडीची कमान वाढवायची की नाही, यावरून त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी आमच्या लग्नात मानपानावरूनसुद्धा झाली नव्हती. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोनेक पावसाळे बरे गेले होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. आमच्या ह्यांनी लिलावात एक जुनी जीप घेतली होती, मागं उघडा हौदा असलेली. नव्या जालन्यातल्या जिनिंगमधून सरकीची पोती भरायची आणि आसपासच्या आठवडी बाजारांना पोचवायची, हा आमचा धंदा. डांबरी रस्त्यावर गाडी राणीसारखी चालायची. चाकोरीत उतरली की मात्र रडकुंडीला आणायची.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला माझ्या माहेरच्या विहारात मूर्ती बसवायची ठरली, आणि ती जालन्याहून आणायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं. माझं माहेर केदारखेडा आणि हसनाबादच्या मधलं एक लहानसं गाव. आज तिकडं मोटारसायकलवर चहा प्यायलासुद्धा जाता येईल, पण तेव्हा केदारखेड्यापुढं फक्त बैलगाडीची वाट होती. काळ्या रानातून जाणारी, खोल चाकोऱ्यांची. आणि वाटेत नाला.

या नाल्याचं सांगायलाच हवं. सात-आठ वर्षांपूर्वी गावानं पहिली मूर्ती आणली होती, ती माझ्या वडिलांनी, आबांनी, बैलगाडीत मांडीवर धरून आणली होती. नाल्यात गाडी कलंडली आणि मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटला. गावातल्या एकानंही आबांना बोल लावला नाही. पण तोवर वंदना म्हणायला सगळ्यांच्या पुढं बसणारे आबा त्या दिवसापासून विहाराच्या दारापाशी, चपलांजवळ बसायला लागले. ही मूर्ती धड पोचली नसती तर गावानं तिसरी आणली असती की नाही ठाऊक नाही, पण आबा दारातून कधीच आत आले नसते. एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून आधी मोकळी फेरी मारून रस्ता बघायचं ठरलं. मूर्तीच्या जागी आम्ही पाण्यानं भरलेले माठ ठेवले. कल्पना माझी, त्यामुळं कुंभाराकडं जाऊन घासाघीसही मीच केली. जालना ते राजूर रस्ता बरा. राजूरला भजी आणि चहा घ्याच, तेव्हाही घ्यावा लागायचा, कारण पुढं काही मिळत नसे. केदारखेड्याला पूर्णेचं पात्र उन्हाळ्यात जवळजवळ कोरडं असतं, वाळूतून गाडी निघते. तिथवर माठ शाबूत होते आणि मी खुशीत होते.

नाल्यात उतरताना मागची बाजू अशी बसली की खालचं लोखंड दगडावर ठाणकन आपटलं. माठ फुटले. ह्यांची पाठ कमरेपर्यंत भिजली.

"पाटा वाढवावाच लागतो," मी म्हणाले.

"वाढवला की गाडी ताठ होती, सुमन. ताठ झाली की आदळती. मूर्तीला हादरा बसला तर?"

"अन् न्हाई वाढवला तर नाल्यात पोट टेकंल. तवा काय करायचं?"

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कमान म्हणजे चाकावर एकाखाली एक रचलेल्या लांब, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. त्या पट्टीला पाटा म्हणतात. पाटे जास्त तर गाडी उंच राहते आणि ओझं पेलते, पण लवत नाही. कमी असले तर मऊ चालते, पण खड्ड्यात बसते. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. दोघंही बरोबर होतो आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

जुन्या जालन्यात गफूरभाईंचं गॅरेज होतं. ते ट्रकवाल्यांच्या कमानी करायचे. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच निकाल दिला.

"भाभी, एक पाटा जादा टाकतो. गाडी बराबर दोन बोटं वर येईल. मंग नाला काय, पहाड चढा."

"पण आदळंल ना, गफूरभाई?" ह्यांनी विचारलं.

"थोडी आदळंल. गाडी हाये, पाळणा न्हाई."

पाटा बसला. गाडी मागून अशी उंच दिसायला लागली की मला हसू आवरेना. संध्याकाळी नवे माठ ठेवून स्टेशनामागच्या खडबडीत रस्त्यावर नेली, तर माठ नाचायलाच लागले. घरी येईपर्यंत खापऱ्या. हे खाली बसून खापऱ्या वेचायला लागले. "मी सांगत होतो" असं म्हणाले असते तर मला राग तरी काढता आला असता.

आता पौर्णिमा तोंडावर आली होती. ह्यांचं म्हणणं, पाटा काढून टाकू. मी अडून बसले. त्याच रागात दुसऱ्या दिवशी बाजाराच्या फेरीला मीही निघाले, केदारखेड्याला सरकी द्यायची होती. पुढं ह्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं म्हणून मागं पोत्यांवर जाऊन बसले. आणि राजूरच्या पुढं कधीतरी चक्क झोपले. गाडी थांबल्यावर ह्यांनी हलवून उठवलं.

"झोपलीस?"

"गाडी आदळलीच न्हाई हो."

ह्यांनी एक पोतं हातानं दाबून बघितलं. मग हे पोत्यांवर थाप मारत म्हणाले, "पाटा ओझ्यासाठी टाकला अन् आपण मोकळी गाडी पळवून राह्यलो! ओझं न्हाई तर तो उड्याच मारणार की." आमच्यासारखे रोज सरकीची पोती वाहणारे लोक, पण मूर्तीसाठी गाडी स्वच्छ पाहिजे म्हणून ती धुऊन पुसून पार रिकामी करून बसलो होतो. भक्तीनं माणसाचं डोकं कधीकधी असं बंद पडतं. पाटा राहिला. भांडण मिटलं. येताना राजूरला ह्यांनी दोनदा भजी खाऊ घातली.

पौर्णिमेच्या सकाळी हौदाभर सरकीची पोती दाबून रचली, वर गोधड्या, आणि त्यात मधोमध मूर्ती. पांढरीशुभ्र, प्लास्टरची, बसलेली, उजवा हात आशीर्वादाचा. मी तिच्याजवळ बसले. लोक रस्त्यात थांबून हात जोडत होते, राजूरच्या हॉटेलवाल्यानं चहा वरच आणून दिला. पूर्णा ओलांडली. चाकोरीत उतरलो. नाल्यापाशी ह्यांनी गाडी थांबवली, मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि गियर टाकला. गाडी खाली गेली, पोटाखालून दगड नुसता सरकल्यासारखा गेला, आणि आम्ही पलीकडं वर आलो. मूर्ती जराशी डोलली, बस्स. मी भर रानात ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही.

आणि गाव समोर दिसायला लागल्यावर, शिवेवरच, गाडी रुतली.

झालं होतं असं. पाहुण्यांना चाकोरीचा त्रास नको म्हणून गड्यांनी शेवटचा तुकडा भरून काढला होता. मुरूम लांब, म्हणून शेजारच्या रानातली मऊ काळी माती टाकून. आणि मूर्तीच्या तोंडावर धूळ उडू नये म्हणून बायकांनी त्यावर सडा घातला होता. सडा म्हणजे शिंपडणं नव्हे, नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यांवरून घागरीच्या घागरी आणून ओतल्या होत्या, आणि ह्या सगळ्याची पुढारी माझी माय. काळ्या मातीत पाणी म्हणजे काय होतं हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी सगळ्यांना एकच दिसत होतं, स्वच्छ रस्ता. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, चिखल उडून पांढऱ्या लुगड्यांवर बसला.

"माय, हे काय करून ठेवलं?" मी वरून विचारलं.

"अगं, धुरळा उडू नये म्हनून केलं," माय रडवेली झाली होती. "लई सोभंल वाटलं."

गडी पुढं धावले. मूर्ती खाली घेऊ, हातावर नेऊ, गाव तर हे राहिलं, असं सगळे एकदम बोलायला लागले. आठ-दहा हात वर आले. तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला.

"उतरवू नका."

आबा होते. पुढं आले, चिखलात पाय रोवून उभे राहिले. "पाय ठरून न्हाई राह्यले कुनाचे. घसरलं एखादं तर? मी एकदा हातातनं घालवली हाये. पुन्हा न्हाई."

वर आलेले हात खाली गेले. आबांनी त्या गोष्टीचा उल्लेख सात-आठ वर्षांत पहिल्यांदा केला होता.

मग हे गाडीतून उतरले. मला वाटलं पोती काढायला लावतात, पण म्हणाले, "ओझं काढायचं न्हाई. मागच्या चाकावर वजन पाहिजे. खाली टाकायला काही कोरडं आना." माय पदर खोचून पळाली ती घराकडं. जिच्या तिच्या दारात चुलीसाठी पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला असतो, कापूस वेचून उपटलेल्या वाळक्या झाडांचा. वर्षाचं जळण. बायकांनी भारेच्या भारे आणून वाटेवर पसरले, अगदी विहारापर्यंत.

"आबा," हे म्हणाले, "तुम्ही वर बसा. मागं वजन कमी पडून राह्यलं."

आबांचं वजन ते किती. आमचं सरकीचं एक पोतं त्यांच्यापेक्षा भारी भरलं असतं. मी ह्यांच्याकडं पाहिलं, ते चाकाकडं बघत होते. त्या क्षणी मला माझा नवरा इतका आवडला की सांगता सोय नाही.

आबा वर चढले. आधी पोत्यांच्या कडेला टेकले. मग गाडीनं हिसका दिला आणि त्यांनी दोन्ही हातांनी मूर्तीला मिठी मारली. खाली पऱ्हाट्या कडाकडा मोडत होत्या, चाकानं धरलं, गाडी इंच इंच करत वर आली आणि मग सरळ चालायलाच लागली. साधू, साधू, साधू असा गजर झाला. विहाराच्या दारात आबांनी मूर्तीचा उजवा हात बोटांनी चाचपून बघितला. मनगट, तळवा, एकेक बोट. सगळं शाबूत होतं.

त्या संध्याकाळी वंदना आबांनी म्हटली, पुढं बसून. आवाज पहिल्या ओळीला फाटला, नंतर लागला. जेवायला खीर आणि पुऱ्या होत्या. माय खीर वाढताना जो तो तिला सड्यावरून चिडवत होता आणि ती लाजून हसत होती.

सकाळी निघताना आबा म्हणाले, जालना बघून बरेच दिस झाले, येतो. पोती आम्ही गावातच दिली होती, बैलांना सरकी झाली. म्हणजे गाडी रिकामी. कुणी जुनी जीप घेऊन अशा वाटेला जाणार असाल तर एवढंच सांगते: पाटा जरूर वाढवा, पण मोकळं परत येऊ नका. पूर्णा ओलांडेपर्यंत आमची हाडं खिळखिळी झाली. राजूरला भजीसुद्धा उभ्यानं खाल्ली.

घरी पोचल्यावर आबा कमरेला हात लावत उतरले आणि ह्यांच्याकडं बघून करवादले, "पाव्हनं, लई बेकार आदळती तुमची गाडी. बसवत न्हाई बिलकुल."

मी दाराचं कुलूप काढत होते, तशीच थांबले. सात-आठ वर्षं आबांनी कुणाच्या गाडीला, कुणाच्या भाकरीला, कशालाच नाव ठेवलं नव्हतं. तेवढा हक्क आपल्याला उरला नाही असं धरून बसले होते. आणि आता माझ्या दारात उभं राहून ते जावयाच्या गाडीला शिव्या घालत होते, चांगले खणखणीत आवाजात.

"पाटा काढून टाकू का आबा?" ह्यांनी हसत विचारलं.

"कशाला?" आबा म्हणाले. "राहू दे. पुढल्या टायमाला पोती घेऊन या."