तटाखालची दफनभूमी

साठच्या दशकाच्या अखेरीस आमच्या इंग्लंडमधल्या गावात नव्या रस्त्यासाठी किल्ल्यालगतची दुकानं पाडली. रस्ता होण्याआधी उत्खननासाठी म्युझियमच्या लोकांना उन्हाळ्यापुरती मुदत मिळाली. मी पोस्टात नोकरी करत होतो आणि पुण्याच्या एका दैनिकाला वार्तापत्रं पाठवत होतो. नॉर्मन राजवटीवर लेख लिहायचा म्हणून एका शनिवारी तिथे गेलो. बायकोलाही आग्रहाने नेलं. आदल्या हिवाळ्यात इथल्या हॉस्पिटलात आमचं मूल मृत जन्मलं होतं. तेव्हापासून ती कामाशिवाय बाहेर पडत नव्हती.

उत्खननाच्या प्रमुख बाई गमबूट घालून चरात उभ्या होत्या.

"पुण्यात छापून येणार? मग बूट तरी पुसते," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे दाखवलं ते असं. अकराव्या शतकात फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी देश जिंकला. तो ताब्यात ठेवण्यासाठी गावोगावी किल्ले उभारले. जागा गावाच्या मधोमध निवडायची, तिथली घरं पाडायची, मातीचा उंच तट घालायचा. इथे त्या जागेत गावाची दफनभूमी होती. तट थेट तिच्यावर घातला. चराच्या तळाशी सांगाडे होते. एक अगदी लहान होता, कुशीवर.

"माती कोणी वाहिली?" मी विचारलं.

"गावकऱ्यांनीच. वेठीला धरून."

बायको चराच्या कडेशी वाकून त्या लहान सांगाड्याकडे बघत होती. ती इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे याच्या आईनेही वाहिली असेल."

"असेल, लव्ह," बाई इथल्या बायकांच्या मायेच्या सवयीने म्हणाल्या. "आई जिवंत असेल तर."

"पण तिला जागा माहीत होती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा फ्लास्क उघडला.

आपल्यात तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आमचं मूल नर्सने टॉवेलात गुंडाळून नेलं. "सगळं आम्ही बघतो, तुम्ही घरी जा. लवकर दुसरं होऊ दे," असं तिने सांगितलं. तेव्हा इथली रीतच तशी होती. आईला मूल दाखवत नसत. बापाला कोणी काही विचारत नसे. ती मुलगी होती, एवढंच आम्हाला कळलं.

बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, सोमवारी रजा घ्या. हॉस्पिटलात जाऊन विचारू."

"आता काय सांगणार ते?"

"कुठे ठेवलंय ते सांगतील. मला दुसरं काही नको."

सोमवारी गेलो. वॉर्डची नवी सिस्टर सभ्य होती. तिला माहिती नव्हती. तिने पोर्टरला बोलावलं. अशी मुलं कौन्सिलच्या सिमेट्रीत नेतात, मागच्या भिंतीशी, एवढं त्याने सांगितलं.

सिमेट्रीतला माळी आम्हाला भिंतीपर्यंत घेऊन गेला. तिथे गवताचा लांबट पट्टा होता, नुकताच कापलेला. दगड नव्हता, खूण नव्हती.

"याच पट्ट्यात. एका खड्ड्यात पुष्कळ असतात," तो म्हणाला. "नेमकं कुठे, ते मलाही सांगता यायचं नाही."

बायको गवतावर गेली नाही. पाय कुठे ठेवावा ते तिला कळेना. कडेकडेने ती पट्ट्याच्या शेवटापर्यंत गेली आणि परत आली. मग तिने पर्समधून कुंची काढली, पिवळ्या कापडाची, हाताने शिवलेली. अशी काही वस्तू घरात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"कुठे ठेवू?" तिने मला विचारलं.

मी माळ्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली होती.

वाऱ्याने उडून जाईल, म्हणून भिंतीशीही तिने ती ठेवली नाही. बसस्टॉपवर येईपर्यंत कुंची तिच्या हातातच होती.