दोडक्याची ओळख करून देणाऱ्या काकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तीन वर्षांत एअरोसिटी या आमच्या उत्तरेकडच्या वसाहतीतल्या जितक्या मुलांना दोडका खायला लावला, तितक्यांना इथल्या एखाद्या शाळेनं पाढेसुद्धा शिकवले नसतील. त्यांचे यजमान हवाई दलात अधिकारी, दोघंही मूळ अमरावतीकडचे. सरकारी घर मिळेपर्यंत दोन महिने म्हणून त्या भाड्यानं राहायला आल्या, त्या बदली होईपर्यंत राहिल्या. पहिल्याच दिवशी जिन्यातून त्यांना माझं मराठीतलं ओरडणं ऐकू गेलं आणि त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "मराठी माणूस आहे म्हटल्यावर बेल काय वाजवायची!" म्हणाल्या. ओळख झाली ती एवढीच.

मी ओरडत होते ती माझ्या मुलीवर, मिहिकावर. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि फक्त पांढरं खायची. भात, पनीर, दूध, ब्रेडचा मधला भाग. पोह्यातला कोथिंबिरीचा कण तिला सोनाराच्या नजरेनं दिसायचा. तिच्या रक्तात लोह कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझी झोप उडाली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्येही माझ्या डोक्यात पालकच असायचा. मी दुधी किसून पराठ्यात घालायचे, बीट कणकेत मळायचे, आणि ती पहिल्या घासालाच म्हणायची, "मम्मा, इसमें कुछ है." त्या दिवशी काकूंनी माझा तो पराठा उलगडून पाहिला आणि म्हणाल्या, "काहून गं, भाजी काय चोरीचा माल आहे? अशी लपवून काय खाऊ घालून राहिली? पोट्टीला वाटेल, नक्कीच काहीतरी वाईट असेल."

काकूंच्या मते भाजी न आवडणारं मूल जगात नव्हतंच. त्याची आणि भाजीची कुणी नीट ओळख करून दिलेली नसायची, इतकंच. म्हणून दर आठवड्याला त्या बिल्डिंगमधली चार-पाच मुलं घेऊन मंडीत जायच्या. प्रत्येकानं एक भाजी निवडायची आणि पिशवीत न टाकता हातात धरून घरी आणायची. शेजारच्या सरदारजींचा नातू दुधीभोपळा तान्ह्या बाळासारखा खांद्यावर थोपटत यायचा. मंडीतल्या भाजीवाल्याशी काकू अमरावतीच्या हिंदीत भांडायच्या. तो जुडी दाखवून म्हणायचा, "बथुआ है जी." त्या म्हणायच्या, "अरे, चाकवत है ये. मैं बचपन से खाके रही हूँ." सहा महिन्यांत तो भाजीवालाच हार मानून "चाकवत ले लो, चाकवत" असं ओरडायला लागला आणि त्याची बाकीची गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडली.

घरी आल्यावर त्या भाजी करायच्या, मुलांसमोर बसून चवीनं खायच्या, आणि मुलांना मात्र द्यायच्या नाहीत. हा त्यांचा सगळ्यात विचित्र नियम. मिहिकानं स्वतः उचलून आणलेला दोडका असा तिच्यासमोर दोनदा खाल्ला गेला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "मुझे क्यों नहीं दिया?" काकू म्हणाल्या, "तू मागितला कुठे? मागितलं तर देईन. नाही आवडलं तर थुंकून टाक, मी रागावणार नाही." मिहिकानं मागितला, चाखला, आणि खरंच थुंकला. मी कपाळाला हात लावला. काकूंनी शांतपणे फडक्यानं टेबल पुसलं आणि म्हणाल्या, "चला, ओळख तर झाली." पुढच्या महिन्यात त्या दोघींमध्ये दोडक्याच्या शेवटच्या फोडीवरून भांडण झालं.

एवढी त्यांची कीर्ती, पण त्यांचे यजमान बटाट्याखेरीज कसल्याही भाजीला हात लावत नसत. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "यांची ओळख यांच्या आईनं करून द्यायची होती. आता रिटायरमेंटला आले, कुठे नव्यानं ओळखी करतील?"

थंडीतल्या एका दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि नुकताच आठ दिवस राहून गेला होता. मी सहज विचारलं, "काकू, तुमच्या मुलाची सगळ्या भाज्यांशी दोस्ती असेल ना?" त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "त्याला मी मारून खाऊ घालायची. आठ वर्षांचा असताना एकदा नाक दाबून कारलं कोंबलं तोंडात. ओकला. मी पुन्हा कोंबलं. जिद्दच होती मला, सगळं खाल्लंच पाहिजे." मग त्यांनी पुढची शेंग उचलली. "आता घरी आला की ताट वाढून घेतो आणि आपल्या खोलीत जातो. दार लावून जेवतो. भांडत नाही, उलटून बोलत नाही. पण माझ्यासमोर जेवत नाही गं तो." मी त्यांच्यापुढच्या शेंगा माझ्याकडे ओढल्या आणि सोलत राहिले.

मार्चमध्ये बदलीचा हुकूम आला, आसामकडे. सामान बांधायला मुलगा पुण्याहून आला. भांडी खोक्यांत गेली होती, म्हणून शेवटच्या संध्याकाळी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुलगा उंच, अबोल, वागायला नम्र. आमच्या घरात त्याला ताट घेऊन जायला खोली नव्हती. तो आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मी वांग्याची भाजी, मेथी, कोशिंबीर असं बरंच काही केलं होतं. त्यानं कशालाच हात लावला नाही, वरणभात तेवढा घेतला. मी आग्रह करायला वाडगा उचलला, तर काकूंनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. त्या त्याच्या ताटाकडे पाहतही नव्हत्या. मिहिका त्याला शाळेतल्या गमती सांगत होती आणि तो हसत होता. जेवण झाल्यावरही तो उठला नाही. सगळ्यांचे हात वाळेपर्यंत बसला.

जिन्यात निरोप घेताना मी म्हटलं, "काकू, त्यानं भाजी घेतलीच नाही हो." त्यांनी माझा हात धरला. डोळे भरलेले होते. "बसला ना गं," म्हणाल्या. "किती वर्षांनी बसला."

वर आता दुसरं कुटुंब आहे. चांगली माणसं आहेत, दिवाळीला मिठाईही देतात, पण बेल वाजवून येतात. मिहिका आठ वर्षांची झाली. परवा काकूंचा फोन आला होता. तिकडे कोवळ्या नेच्यांची भाजी करतात, कॉलनीतल्या पोरांशी तिची ओळख करून देणं चालू आहे, असं बरंच बोलल्या. मुलगा सुट्टीत येऊन गेला, असंही म्हणाल्या. पुढचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनीच आवाज खाली आणून सांगितलं, "चार दिवस होता. खोलीतच जेवला. पण जायच्या दिवशी दार उघडं ठेवलं होतं."