माधवराव सेलूकरांचे बिनचिखलाचे शिपाई

माधवराव सेलूकरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लिहिताना प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवणे मी कर्तव्य समजतो. नल्लकुंट्यातील त्यांच्या घरी मला आजवर एकदाही गरम चहा मिळालेला नाही. टेबलावर कार्डे मांडलेली असताना कपबशीला त्या खोलीत प्रवेश निषिद्ध. आणि कार्डे आवरण्याचा विधी एखाद्या यज्ञाच्या सावकाशीने चालतो.

ही कार्डे म्हणजे जुन्या काळी विलायती सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी चित्रे. पत्त्याहून लहान, आणि त्यांवर तांबड्या कोटातले घोडेस्वार, भालाईत, बिगुलवाले. सिकंदराबादच्या छावणीतून निघालेल्या जुन्या सामानात माधवरावांनी ती शोधली. स्वतः ते सुपारीलाही शिवत नाहीत.

आमची ओळख नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या वार्षिक प्रदर्शनात, झाली. मी बातमीसाठी गेलो होतो, ते शिडीवर उभे राहून एका दुकानाचा बोर्ड रंगवत होते. "काय चाललंय?" मी विचारले. "साबण विकायचाय," ते वरूनच म्हणाले, "म्हणून बाई काढतोय."

पुढे बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या आणि छापील फलकांनी त्यांचे काम नेले. माधवरावांनी कुरकुर केली नाही, पण स्वस्थही बसले नाहीत. प्रत्येक नव्या फलकासमोर ते ऑटो थांबवतात. एकदा ऑटोवाला वैतागला, "चाचा, बोर्डां देखने निकले क्या घर कू जाने?" "दोनों," म्हणत माधवराव उतरलेच. मी मागे बसून होतो.

माझा मुलगा अनिरुद्ध लहानपणापासून त्यांच्याकडे जाई. कार्ड हाती दिले की ते विचारत, "यात काय काढलेलं नाही, सांग." यंदा तो सैन्यात निवडला गेला, तेव्हा त्यांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतले. मीही होतो.

"या शिपायाचे बूट बघ. भर लढाईत आहे आणि चिखलाचा ठिपका नाही."

"काका, चित्र आहे ते."

"जाहिरात आहे, बाबा! चित्रकाराला चिखल काढता येत होता. मालकाला नको होता. मीही जन्मभर मालकांसाठी असाच चिखल पुसला. हे बघून निघाला असशील, तर थांब."

अनिरुद्ध हसला. "हे बघून नाही, काका. तुम्ही दर वेळी काय काढलेलं नाही ते विचारायचात ना? ते बघायला चाललोय."

 माधवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

माधवरावांना निरामय दीर्घायुष्य लाभावे, शहरातले सगळे फलक त्यांनी डोळे भरून पाहावेत. संपादकांनी हा लेख वारंवार मागितला. मी कामाची सबब सांगितली. ती खरी नव्हती. दीर्घायुष्य हा शब्द लिहिला की मन मुलाकडे धावते आणि हात थांबतो. अनिरुद्ध सोमवारी निघतो आहे. मला भीती वाटते.