न दिलेला हात

बायको गेली त्याला तीन महिने झाले. घरात मला टोचून बोलणारं आता कुणी उरलं न्हाई, म्हणून हे लिहायला बसलोय. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीबी उर्दूतली. चुकलं तर चुकलं.

पोलीस ॲक्शनच्या आधलं साल. निजामाचं राज होतं, रझाकारांचा जोर होता. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत फडातली शेवटची, मानाची कुस्ती माझी लागली होती. समोरचा पैलवान चार कोसांवरचा, मुसलमान. आदल्या साली त्यानं मला चितपट केलं होतं. औंदा आमचा पाटील तालुकाभर सांगत सुटला होता की आमचा गडी त्याला पाडणार. गावातनं बैलगाड्या भरून माणसं आली होती.

आणि माझ्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं होतं. अंगठा वांग्यासारखा टम्म. नुसतं वारं लागलं तरी कळ डोक्यात जायची. लग्नाला सहा महिनेच झालेले. सकाळी बायकोनं कांदा भाजून, हळद घालून पोटीस बांधलं आणि म्हणाली, "जाऊ नका म्हणत न्हाई. पर पंचाला हात दाखवा, मग काय खेळायचं ते खेळा."

"दाखवला तर पंच खेळू देतील का?"

"मग बसा घरात. त्यात काय मरण हाय?"

तिला काय ठावं, मला ते मरणच वाटत होतं. फडाच्या कडंला पोटीस काढून फेकलं, अंगठा मुठीत घेतला, वरनं माती चोळली आणि कुस्तीच्या हौद्यात उतरलो.

कुस्तीआधी दोघांनी माती उचलून एकमेकाच्या हातात द्यायची, हात मिळवायचा, ही रीत. पण हात हातात गेला की पैलवानाला सगळं कळतं. अंगठा कळला असता तर त्यानं तोच धरला असता, असं माझ्या मनानं घेतलं. डावा हात देणं म्हणजे शिवी. त्यानं माती घेऊन हात पुढं केला. म्या मूठ उघडली न्हाई.

एक घडीभर कुणाला काय कळलं न्हाई. मग आमच्या बाजूनं आरोळी उठली, "शाब्बास रे वाघा! शिवला न्हाई बघ त्याला!"

माझ्या मनात तसलं काही नव्हतं, देवाशपथ. पण समोरची माणसं उठून उभी राह्यली. "हात कायकू नै मिलाया रे?" कुणीतरी ओरडलं. त्यांच्यात काठ्यावाले होते. आमच्या गाड्यांतनं कुऱ्हाडी निघाल्या. एक दगड हौद्यात येऊन पडला. फडावर जमादार आणि दोन शिपाई. जमादारानं पिस्तुलावर हात ठेवला. कडंला बायाबापड्या, लेकरं बसलेली.

पंच म्हणाले, "अरं, हात दे की! काय झालंय काय तुला?"

मूठ उघडून अंगठा दाखवायचा, एवढंच काम होतं. समदी हसली असती आणि खाली बसली असती. पण पाटील माझ्याकडं बघत होता.

तो पैलवान जवळ आला. खाली आवाजात म्हणाला, "कांदे की बास आ रई. अंगूठा पका क्या?"

म्या पाटलाकडं बघितलं.

"बोल दे रे. लोगां मरते हैं अब."

म्या मूठ मांडीमागं घेतली.

"तू बोलता का मैं बोलूं?"

झालं, आता हा सांगणार, असं मला वाटलं. त्यानं हातातली माती टाकली आणि डोक्यावरनं हात फिरवला. केसांना चांगलं चोपडून तेल होतं. ते मी सोडून कुणी बघितलं न्हाई. मग त्यानं पंचापुढं हात धरला आणि ओरडून म्हणाला, "मेरे हात कू तेल है! गलती मेरी. इने बराबर किया!"

पंचानं हात चोळून बघितला. तेलच. अंगाहाताला तेल लावून हौद्यात उतरणं म्हणजे पैलवानाला चोरी. त्याचा वस्ताद, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हौद्यात आला आणि समद्या लोकांपुढं त्याच्या कानफटात मारली. त्याचीच माणसं त्याच्यावर थुंकली. काठ्या खाली झाल्या. कुस्ती न खेळता मी जिंकलो. पाटलानं मला फेटा बांधला, खांद्यावर घेऊन नाचवलं. मीबी नाचलो.

घरी येऊन बायकोला खरं सांगितलं. तिनं सुईनं अंगठा फोडला, पू काढला. मला कळ लागावी म्हणून जरा जादाच दाबला असंल.

"त्येचं गाव किती लांब?"

"चार कोस."

"चार कोस चालता येतंय की."

अंगठा बरा झाला की जातो म्हणालो. मग पेरणी झाली की जातो. मग पोलीस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर त्या गावांत मुसलमानांचं जे झालं ते जुन्या माणसांना ठावं हाय. शेवटी बायकोच मला हाताला धरून घेऊन गेली. त्याच्या घराला दार नव्हतं. शेजारचा म्हणाला, "गुलबर्ग्याकडं गेली असतील." दुसरा खाली बघत राह्यला.

थोरल्याच्या लग्नात म्या तो फेटा पेटीतनं काढला. तिनं हातातनं ओढून घेतला. "ह्यो तुमचा न्हाई." परत पेटीत घातला.

शेवटच्या दुखण्यात ती माझा हात धरून पडायची. अंगठ्याचं नख वाकडंच उगवलंय, त्यावरनं बोट फिरवायची. एकदा म्हणाली, "सांगितलं का कुणाला?"

"न्हाई."

"मग मी गेल्यावर कोण सांगणार?"

म्हणून सांगतोय. हौद्यात उतरताना त्याच्या हाताला तेल नव्हतं. अंगठा म्या लपवला होता. फेटा पेटीत तसाच घडी घालून ठेवलाय. त्याच्या घरातलं कुणी कुठं असंल तर येऊन घेऊन जावा.