सांबप्पाचा पहिला नंबर

निजामाच्या राज्यातल्या सेलूच्या मोंढ्यात, भर बाजारपेठेत, सांबप्पाचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला हैदराबादहून वर्तमानपत्रांची रद्दी यायची, तीही दोन-तीन महिन्यांची शिळी. ती वाचून सांबप्पा जगातल्या राजवटींचे नंबर लावायचा. हातात जिऱ्याची पुडी आणि तोंडात जर्मनी. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मनी शरण गेली, तरी याच्या दुकानात श्रावणापर्यंत ती पहिलीच होती. लिंबाजी गाडीवाल्यानं खरी बातमी सांगितली तर म्हणाला, "तुला रं काय कळायलंय? बैलं हाक."

साऱ्या गावाला तो अडाणी समजे. त्यातही मेहुणा सिद्रामप्पा, वाशीमला मिरच्या विकणारा, त्याच्या लेखी कुठल्याच नंबरात बसत नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं सेलूतली घरं रिकामी व्हायला लागली. लोक सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, हिंदुस्थानच्या राज्यात निघाले. सांबप्पाची एकुलती लेक चन्नबसम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना लागला होता.

"पोरीला घेऊन वाशीमला जाऊ. सिद्राम बोलवायलाय," बायको मल्लम्मा म्हणाली.

"दुनियेतला सगळ्यात श्रीमंत राजा सोडून मिरच्यावाल्याच्या दारात पडू? निजामाचा अन् दिल्लीचा करार झालाय. वरीसभर कुणी कुणाला हात लावत न्हाई." त्यानं रद्दीतला कागद तिच्यापुढं धरला.

मल्लम्मानं कागदाकडं पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाजीची गाडी जुंपून ती लेकीला घेऊन गेली. हा शहाणा मागं राहिला आणि चार महिने स्वतःच्या हातच्या करपल्या भाकरी खाऊन निजामाला पहिला नंबर देत बसला. ऐकायला मोंढ्यात कुत्रंही उरलं नव्हतं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. सांबप्पानं निलाजरेपणानं हिंदुस्थानला पहिला नंबर दिला, धुवट धोतर नेसला आणि बायको-लेकीला आणायला वाशीमला गेला. नातवंडासाठी खिशात चांदीची डबी होती, गळ्यात बांधायच्या इष्टलिंगाची. त्यांच्या लिंगायत घराण्यात बाळाला आजोबाच्या मांडीवर बसवून जंगम, म्हणजे त्यांचा पुरोहित, गळ्यात लिंग बांधतो. सांबप्पानं आयुष्यात मनापासून वाट पाहिली असेल तर ती या एका गोष्टीची.

"शरणार्थ, दाजी. या, बसा," सिद्रामप्पा म्हणाला. त्याच्या खांद्यावर दोन महिन्यांचं बाळ होतं, आणि बाळाच्या गळ्यात लिंगाचा दोरा.

"कुणाच्या मांडीवर बांधलं?" सांबप्पानं विचारलं.

"सिद्रामच्या," मल्लम्मा म्हणाली. "जंगमाला दोन डाव थांबवलं. तुमी आला न्हाईत."

"आता घरी चला. आता आपलंच राज्य हाय."

"लेकरू हितं सुखानं झोपायलंय. मी हितंच राहणार. तुमाला कुठं राहायचं ते तुमी ठरवा."

सांबप्पानं हात पुढं केले. बाळ परक्या माणसाला पाहून रडायला लागलं, तसे त्यानं हात मागं घेतले. खिशातली डबी काढून त्यानं सगळ्यांसमोर धरली. ती घ्यायला कुणी पुढं आलं नाही.